‘वहिनी’ म्हणू नका: कॉलेजात जाऊन प्रेमातल्या मारहाणीबद्दल कसं बोलावं

मी एसटीत वाहक आहे, बावीस वर्षं झाली. सकाळच्या कॉलेजच्या फेरीला निम्मी गाडी पासवाली असते. अकरावीतली एक मुलगी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. मागच्या बाकावरून एक हात पुढे यायचा, उताणा. बोलणं काही नाही. ती मोबाइल काढायची, अंगठा लावून उघडायची आणि त्या हातावर ठेवायची. पुढचे दोन थांबे तो मुलगा तिचा मोबाइल वाचायचा आणि ती उसाचे फड बघत बसायची. मोबाइल परत मिळाला की तिचे खांदे खाली यायचे. हे मी रोज बघत होते आणि ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत तिकिटं काढत होते.

दिवाळीनंतर पास दाखवताना तिनं बाही ओढून मनगट झाकलं. जानेवारीत ती गाडीला यायची बंद झाली. लग्न ठरलं, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. “घरी कळल्यावर दुसरं काय होणार, मॅडम?” (मार्ग, वर्ष, बाक, सगळं बदलून सांगतेय. का, ते पुढे येईल.)

त्यानंतर मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन बोलायला लागले. सहा वर्षांत चाळीसेक ठिकाणी गेले असेन. मी ना समाजसेविका, ना वकील. तुमच्यापैकी कुणाला हे काम करावंसं वाटत असेल, तर माझ्या चुकांवरून काय शिकले ते सांगते.

माझं पहिलं भाषण पडलं, तिथून सुरुवात करते.

मी दहावीला बसले ते साल १९९०. त्याच मार्चमध्ये उल्हासनगरात दहावीचा पेपर लिहीत बसलेल्या एका मुलीला परीक्षेच्या वर्गात शिरून जाळण्यात आलं. ‘एकतर्फी प्रेम’ असं सगळीकडे छापून आलं. आमच्या घरात त्यावर एकच चर्चा झाली: हिला पुढे शिकवायचं की नाही. तर पहिल्या भाषणात मी हीच गोष्ट सांगितली, अगदी आगीसकट. चार मुली रडल्या, मला वाटलं परिणाम झाला. शेवटी आभार मानायला उठलेले सर म्हणाले, “तर मुलींनो, उद्यापासून मोबाइल घरी ठेवून यायचं.” मुलगे तर त्या वेळी मैदानावर व्हॉलीबॉल खेळत होते, कारण ‘हा मुलींचा विषय’. म्हणजे मी तासभर बोलले आणि मुलींचे मोबाइल गेले. एवढीच माझी कमाई.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. पोरांना प्रेम म्हणजेच गुन्हा असं सांगितलं, की प्रेमातला मार ती कुणालाच सांगत नाहीत. मार सांगायचा तर आधी प्रेम कबूल करावं लागतं, आणि ते कबूल केलं की कॉलेज बंद. आमच्या भागात तर थेट स्थळं बघायला लागतात. मुलीला अठरा पूर्ण नसताना लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी घाबरलेलं घर आधी तेच करतं. म्हणून ‘प्रेम करू नका’ हे वाक्य माझ्या भाषणातून कायमचं गेलं. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दही गेला. पाठलागाला पाठलाग म्हणायचं, धमकीला धमकी.

शिकायचं कुठे

पुस्तकं वाचून थेट माईक धरू नका. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ते विधी स्वयंसेवक घेतात आणि प्रशिक्षण देतात. वकील असण्याची अट नाही, मी तिथूनच आले. त्याचा दुसरा फायदा म्हणजे तुमच्या हातात एक कागद येतो, तो पुढे फार उपयोगी पडतो. मुलांशी कसं बोलावं हे शिकायचं असेल तर मुंबईची ‘मावा’ ही पुरुषांची संघटना १९९३ पासून हेच काम करते आहे. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी. मुलग्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता त्यांच्याशी बोलता येतं, हे मला त्यांच्या कामावरून कळलं.

कायदा जेवढा बोलणार तेवढाच, पण पक्का शिका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. अठराच्या आतल्या कुणाचीही लैंगिक संबंधाला दिलेली संमती त्यात धरली जात नाही, मग दोघांचं कितीही पटो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचं संरक्षण आहे. आणि अशी गोष्ट ज्याला कळली, त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे (कलम १९). न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे तुम्हालाही लागू आहे, म्हणून लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मुलीचा पाठलाग करणं, ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क करणं, ती ऑनलाइन काय करते यावर नजर ठेवणं, हे सगळं कलम ७८ मध्ये येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. भाषणात कायद्याला पाच मिनिटं पुरे. जास्त झालं की मागचे बाक झोपतात.

दार कुठलं ठोठवायचं

प्राचार्यांना थेट गाठलं की ‘बघू, कळवतो’ मिळतं. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी शोधा. त्यांना वर्षभर कार्यक्रम लागतात, आणि सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात दुपारच्या बौद्धिकाला वक्ता मिळत नाही म्हणून ते कासावीस असतात. शिबिरातला श्रोता सगळ्यात चांगला: घरापासून लांब, आपसांत मोकळा झालेला, आणि रात्री शेकोटीशी विषय पुढे चालू ठेवणारा. शाळा असेल तर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचं विचारा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं त्या नेमायला सांगितल्यात. काही ठिकाणी समिती फक्त फलकावर असते, पण तुमच्या पत्रामुळे तिची एक बैठक तरी होते.

फेब्रुवारीत जाऊ नका. चौदा तारीख जवळ म्हणून बोलावतील, पण बारावीची परीक्षा डोक्यावर असते आणि गुलाबाच्या चेष्टेत विषय वाहून जातो. जुलै-ऑगस्ट बरा. फक्त पत्र्याचा हॉल असेल तर पाऊस सुरू झाल्यावर माईकही हरतो. तेव्हा सरळ खाली उतरून बाकांमध्ये जा.

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर बाहेरच्या माणसाला आत घेताना शाळा दहादा विचार करतात. त्यांचं बरोबर आहे. राग धरू नका. आधार, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि विधी सेवेचं पत्र, तिन्हीच्या झेरॉक्स आधीच पोचवा. एक शिक्षिका वर्गात मागे बसाव्यात अशी तुम्हीच विनंती करा. शिस्तीच्या समितीवर असलेल्या मात्र नकोत.

आणि पत्रात स्पष्ट लिहा: सत्कार नको. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ यात चाळीसची वीस मिनिटं जातात. माझ्या घरी एका वर्षात नऊ नारळ जमले होते. ‘नारळाऐवजी दुसरी तासिका द्या’ असं लिहायला लागले, तेव्हापासून मिळतेही. मानधन घेत नाही. जायला स्वतःची एसटी आहेच.

मुलगे-मुली एकत्र हवेत, हीसुद्धा अट घाला. व्हॉलीबॉल नंतर खेळता येतो.

पहिली पाच मिनिटं

ओळख झाल्या झाल्या मी एक वाक्य बोलते, आणि ते तुम्हीही पाठ करा: “तुम्ही मला काही सांगितलंत तर मी ते गावभर करणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर मला ते कळवावंच लागतं. म्हणून सांगायच्या आधी हे माहीत असू द्या.” सुरुवातीला मला वाटायचं, असं म्हटल्यावर कोण बोलेल? बोलतात. उलट ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर मोडलं, तर ते पोर पुन्हा कुणालाच काही सांगत नाही.

मग चिठ्ठ्या. तिकिटाएवढे कोरे कागद वाटते आणि माझी चामड्याची पिशवी फिरवते. पिशवी बघून हसतात, ते हसणं लागतंच. प्रश्न असा: “प्रेमात किंवा मैत्रीत, ‘माझ्यासाठी एवढं कर ना’ म्हणून कुणी काय मागितलेलं तुम्ही ऐकलंय?” नाव लिहायचं नाही. आणि ज्याला काही सुचत नाही त्यानं सकाळी काय खाल्लं ते लिहायचं. हे महत्त्वाचं आहे. नाहीतर कुणाचं पेन चाललंय आणि कुणाचं थांबलंय, हे सगळा वर्ग बघत असतो. पिशवीत निम्म्या चिठ्ठ्या पोहे आणि चहा-चपाती निघतात, उरलेल्या अशा: पासवर्ड. लाइव्ह लोकेशन. तो ग्रुप सोड. त्या मैत्रिणीशी बोलू नको. ड्रेस नको, ओढणी घे. हातावर नाव कोर. फोटो पाठव, तसला.

चिठ्ठी आधी मनात वाचा, मग मोठ्यानं. एकदा घाईत मी सरळ वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला एका मुलाचं नाव आलं. खोकल्याचं निमित्त करून गिळलं. तेव्हापासून दोन मिनिटं शांत उभी राहून चाळते, मग बोलते.

या चिठ्ठ्यांवरच पुढचं सगळं उभं करायचं. तुमच्या तयार भाषणापेक्षा त्यांचं स्वतःचं अक्षर जास्त काम करतं. एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, तो पझेसिव्ह आहे म्हणजे काळजीच करतो ना?” मी तिला म्हटलं, काळजी करणारा विचारतो, ‘पोचलीस का?’ दुसरा विचारतो, ‘कुणाबरोबर होतीस?’ आणि फोटो पाठवल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. मग वर्गाला विचारते, साधं ‘आज नको’ म्हटल्यावर समोरचा काय करतो? रुसला तर रुसू दे. पण ‘नाही’ म्हणायच्या आधीच पोटात गोळा येत असेल, तर तो गोळा बरोबर सांगतोय.

मारण्याबद्दल बोलायला इथून वाट मिळते. पहिल्या दिवशी कुणी थोबाडीत देत नाही. आधी मोबाइल, मग मैत्रिणी, मग कपडे, मग मनगट. आणि मारल्यावर रडून पाय धरणं, चॉकलेट, ‘तुझ्याशिवाय मरेन’. मुली या ठिकाणी मान खाली घालतात. थांबू नका, कुणाकडे रोखून बघू नका, खिडकीकडे बघत बोलत राहा.

मुलग्यांचं काय

“मुलीपण त्रास देतात की,” असं कुणीतरी म्हणतंच. हसण्यावारी नेऊ नका. बारावीतल्या एकानं सांगितलं होतं, दुसऱ्या मुलीशी बोलला तर त्याची मैत्रीण ब्लेडचा फोटो पाठवायची. तो महिनाभर रात्री झोपला नव्हता. त्याला सांगितलं, कुणी जिवाचं बरंवाईट करायची धमकी दिली तर ती खरीच धरायची आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. पण तिला जिवंत ठेवायची नोकरी एकट्या तुझी नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा नंबर त्यासाठीच आहे, मराठीत बोलतात.

माझा आवडता भाग मात्र ‘वहिनी’चा. तुमच्या गावातही असणारच. मुलाला एखादी आवडली की त्याची टोळी तिला ‘वहिनी’ म्हणायला लागते. तिनं हो म्हटलेलं नसतं, कधी तिला पत्ताही नसतो. पण गाडीत मागून ‘ए वहिनी’ आलं की बाकीचे मुलगे तिच्याशी बोलायचे बंद होतात, आणि उद्या ती नाही म्हणाली तर त्याची इज्जत गेली. टोळीनंच त्याला चढवलेलं असतं. म्हणून मी मुलग्यांकडून एक वाक्य मोठ्यानं म्हणून घेते: “सोड की भावा, नाही म्हणाली ना.” आधी पुटपुटतात. मग मी गाडीतल्या आवाजात म्हणते, मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे. तिसऱ्या वेळी हॉल दणाणतो. मित्राला असं म्हणायची सवय जिभेला आधी व्हावी लागते, ऐन वेळी सुचत नाही.

नकार कसा पचवावा, हे मुलांना कुणी सांगत नाही. मी एवढंच सांगते: नंबर काढून टाक, चार दिवस तिच्या स्टेटसकडे बघू नकोस, गाडी बदल. मी फेरीच्या वेळा सांगते, हवं तर.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय परत येऊ नका

एक: ‘शेवटचं एकदा भेट’. संबंध तोडतानाचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो आणि हे वाक्य त्या काळातच येतं. एकटीनं, आडबाजूला, त्याच्या गाडीवर बसून भेटायला जायचं नाही. सांगायचं ते फोनवर सांगता येतं. वस्तू परत करायच्या तर मैत्रिणीच्या हाती. तुझं-माझं संपलं हे कुणातरी एका मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे. आई-बाबा जमत नसतील तर मावशी, आत्या, कॉलेजातल्या बाई. ‘घरी सांगा’ एवढंच म्हणून मोकळं होऊ नका. घर हीच भीती असलेली पोरं समोर बसलेली असतात.

दोन: फोटोची धमकी. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर नाहीच. राग आला तरी चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. सायबर फसवणूक आणि गुन्ह्यांसाठी १९३० नंबर आहे, केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते. फोटो अठराच्या आतला असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती फोनवरच त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा बनवते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी ठिकाणी तो ठसा जुळला की फोटो काढला जातो. आणि हे ठासून सांगा: तो फोटो ‘पुरावा’ म्हणून मला, बाईंना किंवा मैत्रिणीला पाठवायचा नाही. अल्पवयीनाचा तसला फोटो पुढे ढकलणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्यानं गुन्हा आहे. मलाही एकदा एक शिक्षिका चांगल्या मनानं तो दाखवायला आल्या होत्या. मी डोळे मिटून ‘नको’ म्हटलं.

नंबर फळ्यावर लिहून उपयोग होत नाही, कारण लिहून घेणारा दिसतो. १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, ११२ तातडीसाठी, १९३० आणि १४४१६, असा छोटा कागद मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही स्वच्छतागृहांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची परवानगी घ्या. मी चिकटपट्टी घरून नेते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर मात्र जायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या.

खऱ्या मुलांच्या गोष्टी सांगताना गाव, जात, वर्ग, आडनाव, गाडीचा मार्ग, सगळं बदला. पोक्सोत पीडित मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पण आमच्याकडे कायद्याच्या आधीच ओळख पटते. ‘खिडकीशी बसायची’ एवढ्यावरून पुढच्या थांब्याला नाव निघतं.

भाषण संपल्यावर

काम खरं इथून सुरू होतं, म्हणून परतीची गाडी एक सोडून पुढची धरा. स्टाफरूममध्ये चहाला बोलावतील, जाऊ नका. तिथे कुणी येत नाही. पाण्याच्या टाकीपाशी, सायकल स्टँडपाशी, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी उभं राहा. पर्स उचकत बसा.

जो येतो तो ‘माझ्या मैत्रिणीचं आहे’ म्हणूनच येतो. मैत्रिणीचंच आहे असं धरून बोला. ‘तू गप्प का बसलीस’ असं विचारू नका. खोदून तपशील काढू नका, ते पोलिसांचं आणि बाल कल्याण समितीचं काम. तीन गोष्टी पुरतात: सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. आत्ता घरी जायला सुरक्षित वाटतंय का? शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर गाडी चुकली तरी चालेल, तिथूनच १०९८ लावायचा आणि ठरलेल्या शिक्षिकेला बोलवायचं. कळवण्यासारखं असेल तर त्या मुलीला आधी सांगा की मी हे कळवणार आहे, कुणाला आणि का. आणि त्याच दिवशी कळवा.

रात्री झोप येत नाही अशा दिवशी मी धुणं काढते. तुमचं काय ते तुम्ही शोधा. पण कुणीतरी एक जोडीदार ठेवा, ज्याच्याशी नाव न घेता बोलता येईल. माझी आगारातलीच एक मैत्रीण आहे.

मागच्या खेपेला टाकीपाशी अर्धा तास उभी होते. सगळे पांगले. मग एक मुलगा आला, दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत. “मॅडम, साडेबाराची लागली का?” लागली होती. ड्रायव्हरचा हॉर्न मला ओळखू येतो, दोनदा वाजलाही होता.

“नाही रे अजून,” मी म्हटलं. “बस जरा.”